पहिला धडा 'नाही'चा

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला सानगडीच्या घरची ओसरी आठवते. शाळेने माझ्या पुतणीला "बोलायला लागली की आणा" म्हणून परत पाठवलं होतं. मग बोलायला शिकवायचं कुणी, तलावावरच्या बगळ्यांनी? चिडून वहिनीने आणि मी तिला घरीच शिकवायला घेतलं. पुस्तकात पहिला धडा कमळाचा होता. मी तो मागे ढकलला आणि म्हटलं, पहिला शब्द 'नाही'. कारण त्या पोरीला नको असलेला घास एकतर गिळावा लागायचा, नाहीतर रडावं लागायचं. "पोरीले पयलेच मोर्चा शिकवता का, भाऊजी?" वहिनी हसली, पण रोज जेवताना ताटलीवर हात आडवा धरून तीच तो शब्द म्हणून दाखवायची. एका दुपारी पोरगी शिंगाडे खात होती आणि मी सवयीने तिच्या ताटलीतला एक उचलायला गेलो. माझ्या हातावर फटका बसला. "नाई!" वहिनी शिंगाडे सोलायचीच थांबली. खात्री करायला मी पुन्हा हात घातला. "नाई!" संध्याकाळपर्यंत आंघोळीला नाई, वेणीला नाई, माझ्या पुस्तकालाही नाई. "भोगा आता, तुमचीच चेली हाय," म्हणत वहिनी पदराने डोळे पुसत होती. आता पोरगी अडखळत का होईना, वाक्यं जुळवते. आज तिने शिंगाडा सोलून माझ्यापुढे धरला. "काका, पायजे?" विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबली. तेवढं थांबणं त्या शाळेला जमलं नव्हतं.