चाळीस नंबरी सूत

आपलं मूल चौथीत आहे, हे आईबापांना निदान ठाऊक असावं. माझी अपेक्षा एवढीच आहे. हसू नका. माझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत पाहुणे आले की ते माझ्या डोक्यावर हात ठेवून अभिमानाने सांगत, "हा तिसरीत." त्या वेळी मला चौथीत बसून आठ महिने झाले होते. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही, कारण तिसरीत टकळी नव्हती.

टकळी म्हणजे एक बारीक सळई, खाली चकती, वर आकडा. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत चौथीला उद्योग नावाचा विषय होता, आणि आमच्या शाळेत उद्योग म्हणजे सूतकताई. डाव्या हातात कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हाताने टकळी फिरवायची आणि धागा काढायचा. वर्षअखेर प्रत्येकाने एक लटी द्यायची. चार फुटांची एक तार, अशा एकशेसाठ तारांची एक लटी. माझा धागा वीतभर यायचा आणि तुटायचा. शेजारच्या पोराचा यायचा, येतच राहायचा. माझा तुटायचा. तुटलेले तुकडे मी गुरुजींची पाठ वळली की दप्तरात कोंबत असे.

प्रगतिपुस्तकात उद्योगापुढे सहामाहीलाच तांबडी रेघ आली होती. त्यावर वडिलांची सही आहे. ती मी त्यांच्या दाढीच्या वेळेला घेतली. अर्धा गाल फेसात, चष्मा नाही, आठ-सतराची गाडी डोक्यात. त्या वेळी मी त्यांच्यापुढे काहीही ठेवलं असतं तरी त्यांनी सही केली असती.

मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी गुरुजींनी चिठ्ठी दिली. सोमवारपर्यंत लटी न आल्यास विद्यार्थी उद्योगात नापास. उद्योगात नापास, म्हणजे पुन्हा चौथी. माझे सगळे दोस्त जूनमध्ये रुळांपलीकडच्या हायस्कुलात जाणार होते. मी एकटा इथेच, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाकावर. कारण ती खरोखरच तिसरीत होती.

वडिलांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"हे चौथीचं लिहिलंय."

"हो."

"तू चौथीत आहेस?"

"अहो, जूनपासून!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"पुस्तकांना कव्हरं कुणी घातली?"

कव्हरं त्यांनीच घातली होती. मग धोतर वर खोचून, सचिवालयातली एखादी फाईल निकालात काढावी अशा थाटात ते टकळी घेऊन बसले. पहिला धागा तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याला टकळी सुटून थेट पलंगाखाली गेली, तिच्यामागे तेही गेले, आणि बाहेर आले ते मिशांत कापूस घेऊन.

"द्या इकडे," आई म्हणाली. "कापसाचं काम मला शिकवू नका."

आम्हाला धीर आला. आई रोज देवापुढच्या वाती वळते, तिच्या बोटांना कापूस ऐकतो. तिने पेळू घेतला, बोटांना राख लावली, आणि बघता बघता एक सुरेख, लांबसडक वात झाली. दुसऱ्या पेळूचीही वातच. तिने दात-ओठ खाऊन प्रयत्न केला, पण तिच्या हातून वातीखेरीज काही निघेना. तासाभरात पेळू संपले. पुढचे तीन महिने आमचा देव झगझगीत उजेडात होता आणि मी नापास होणार होतो.

मी रडायला लागलो, तसे शेजारचे काका दारात आले. मालवणकडचे, कुर्ल्याच्या गिरणीत सूत काढणाऱ्या खात्यात होते. त्यांना सगळं सांगितलं.

"मेल्या, माका आदी कित्याक नाय सांगलंस? चारशे चात्यो माझ्या हाताखाली फिरतत! तुका एक लटी मिळाक नाय?"

वडील उठून उभेच राहिले. चारशे चात्या, म्हणजे चारशे टकळ्याच, फिरवणारा हा माणूस तीन वर्षं शेजारी होता! काकांनी टकळी घेतली, उलटीपालटी केली, वरखाली बघितली.

"ह्येका इंजिन खंय आसा?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाळी संपवून आले आणि जेवणाच्या डब्यातून लटी काढली. पांढरीशुभ्र, केसासारखी. एकशेसाठ तारा मोजून.

"चाळीस नंबरी सूत," काका म्हणाले. "नंबर जितको मोठो, तितक्या सूत बारीक. बाजारात मागून मिळूचा नाय."

ते शब्द वडिलांना फार आवडले. रविवारभर ते दिसेल त्याला सांगत होते, "चाळीस नंबरी आहे, चाळीस नंबरी." सोमवारी त्यांनी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं आणि लटी स्वतः घेऊन माझ्याबरोबर शाळेत आले.

गुरुजी स्वतः कातलेलं नेसत. त्यांनी एक तार उजेडाकडे धरली. खूप वेळ धरली.

"अतिशय एकसारखं आहे."

"चाळीस नंबरी," वडील म्हणाले. तोंडातून गेलंच.

गुरुजींनी तार खाली ठेवली. "चाळीस नंबरी. दहा वर्षांच्या मुलाने. टकळीवर."

वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पायरीपायरीने उतरताना पाहिला. गुरुजी चिडले नाहीत, हे तर आणखी वाईट. त्यांनी मला एक पेळू दिला. "बस, कात. आपण बाहेर थांबा."

मी कातायला बसलो. वर्ग बघत होता. खिडकीच्या गजांपलीकडे वडील उभे होते आणि त्यांचा उजवा हात हवेत टकळी फिरवत होता. डोळे माझ्या धाग्यावर, ओठ आत ओढलेले. वीतभर आला. तुटला. त्यांचा हात थांबला. पुन्हा सुरू. पुन्हा तुटला. आत येऊन माझ्याऐवजी तेच बसले असते तरी धागा तुटलाच असता, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

सवयीने मी तुकडा दप्तरात सारला. गुरुजींनी ते पाहिलं.

"दप्तर ओत."

ओतलं. वर्षभराचे तुकडे निघाले. चिंध्या, गुंता, त्यात अडकलेली खडूची भुकटी, बोराची एक बी. वर्ग खदखदून हसला. मला वाटलं, झालं, वाट लागली.

गुरुजींनी तो गुंता हातात घेऊन दाबून पाहिला. "गाठी मार," ते म्हणाले. "सगळ्या तुकड्यांना."

मी गाठी मारत बसलो. मधल्या सुटीत वडील आत डोकावले. "मी थोड्या मारू का?"

"आपण नाही."

ते पुन्हा खिडकीशी गेले. ऑफिस केव्हाच बुडालं होतं. दुपारी गुरुजींनी माझा तो गाठाळ दोरा फाळक्यावर, सूत गुंडाळायच्या चौकटीवर, चढवला आणि मोजला. एकशे एकतीस तारा झाल्या. एकोणतीस कमी. त्यांनी वहीत पेन टेकवलं, उचललं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा टेकवलं.

"हे गिरणीचं नाही, एवढं नक्की," ते म्हणाले आणि पास लिहिलं.

चाळीस नंबरी लटी त्यांनी परत दिली. घरी जाताना वडिलांनी ती खिशात अशी धरली होती, जणू जिवंत काहीतरी पळून जाईल. स्टेशनच्या पुलाशी त्यांनी विचारलं,

"पाचवीला उद्योगात काय असतं?"

"सुतारकाम."

ते चालायचे थांबले. चाळीतली सगळी बिऱ्हाडं ते एकेक करून डोळ्यांपुढे आणत होते, हे मला दिसत होतं. आमच्या चाळीत सुतार नव्हता.