ड्रिलवरची चकली

फराळाच्या ऑर्डरी वाढल्या आणि बायकोचं मनगट सुजलं, म्हणून मी विलायतेत, आमच्या वॉटफर्डच्या गॅरेजमध्ये सोऱ्याला ड्रिल मशीन जोडलं. बटण दाबलं की चकली आपोआप पडायची. पहिली चकली छताला चिकटली हे खरं, पण नंतर यंत्र शहाणं झालं. अर्धं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये घालवून माझ्या हातून धड चाललेली ही पहिलीच गोष्ट.

पुढच्या दिवाळीत शेजारच्या पिनर गावातल्या एका गृहस्थांनी हुबेहूब तसाच सोऱ्या विकायला काढला. माझं डोकं फिरलं. पेटंट घ्यायचं, त्यांना नोटीस धाडायची आणि नोकरी सोडायची, असा प्लॅन मी जेवताना मांडला. बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचार, नोकरी नंतर सोड.

पेटंटचं काम बघणाऱ्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांनी एकच विचारलं, अर्ज करण्याआधी हे कुणाला दाखवलंय का?

छे, घरातल्या घरात, मी म्हटलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग मला आठवलं, की गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत स्टेजवर एक छोटंसं प्रात्यक्षिक झालं होतं. बायकोने भर घातली, की भाषण नाटकाच्या अंकाएवढं लांबलं, आतला स्क्रू कुठला तेही त्यात आलं, आणि व्हिडिओ यानेच सगळ्या ग्रुपवर टाकला. पिनरचे गृहस्थ तर पहिल्या रांगेतच होते. त्यांना मीच वर बोलावून बटण दाबायला लावलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पेटंटसाठी शोध नवा लागतो, आणि तो अर्जाआधी जगजाहीर झाला, मग भले ज्याचा त्यानेच केला असो, की नवा राहत नाही. थोडक्यात, गृहस्थांनी काही चोरलं नव्हतं. मी फुकट वाटलं, त्यांनी घेतलं.

उठता उठता बायकोने विचारलं, माझ्या भाजणीचं काय? तिचं प्रमाण कुणाकुणाला ठाऊक आहे, बाईंनी सावधपणे विचारलं. कुणालाच नाही. बाईंचा चेहरा उजळला. हे धंद्याचं गुपित, म्हणाल्या. याला अर्ज नको, फी नको, तुम्ही जपाल तोवर कायदा तुमच्या बाजूने.

परतताना ट्रेनमध्ये मी सहज म्हणून पाहिलं, "निदान मला तरी सांग की प्रमाण."

"सांगते ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आधी मंडळाचा हॉल बुक कर."