पेशी जगायला हव्यात

दादाला जाऊन आता वर्ष होईल. त्याची आठवण आली की मी मनाने तारापूरच्या कारखान्यात जाते. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं भावंडं तिथे नोकरीला होतो. तो नवी रसायनं बनवायचा, मी ती तपासायची. प्लेटच्या खळग्यांत वाढवलेल्या पेशींवर ओठांना फोड आणणारा विषाणू सोडायचा आणि त्यात दादाचं रसायन घालायचं. विषाणू थांबायला हवा, पेशी जगायला हव्यात, एवढंच मागणं.

पण दादाच्या रसायनांनी विषाणूबरोबर पेशीही मरत. शेवटी साहेब म्हणाले, "हा एक नमुना बघा. नाही जमलं तर तुमची ही प्रयोगाची खोली रंग बनवणाऱ्या विभागाला देऊ."

त्या नमुन्यानेही पेशी मेल्या.

"तुझ्या पेशीच नाजूक," दादा म्हणाला.

"तुझ्या हाताला गुण नाही," मी म्हणाले.

शनिवारी ती बाटली खिशात टाकूनच तो माझ्याबरोबर गावी, माहीमच्या घरी आला. वाडीत पानवेलींच्या सावलीत बसलो. "स्फटिक तरी बघ कसे सुरेख पडलेत," म्हणत त्याने बूच काढलं आणि मला ठसका लागला.

"दादा, वास येतोय याला!"

"वास? कारखान्यात नाय आला कदी."

"तिथे कसला येतोय? तिथली हवाच तसली."

त्याने बाटली नाकाशी नेली आणि पटकन बूच लावलं. रसायन बनवताना वापरलेला थोडासा कच्चा माल स्फटिकांत तसाच उरला होता. कारखान्याशेजारच्या कुंभवली गावाच्या बाजूच्या धुरात आमची नाकं इतकी बधिर झाली होती, की दोघांनाही त्याचा वास कळला नव्हता. पेशींना मारत होता तो हा उरलेला माल.

सोमवारपासून दादाने ते स्फटिक पुन्हा विरघळवले, पुन्हा पाडले. वास पुरता जाईपर्यंत तेच करत राहिला. मग मी तीच चाचणी पुन्हा लावली. अखेरीस प्लेटमध्ये जांभळा रंग घालून ती धुतली. जिवंत पेशी तळाला चिकटून रंग धरतात, मेलेल्या वाहून जातात. नुसता विषाणू घातलेले खळगे कोरे निघाले. ज्यांत विषाणू आणि दादाचं रसायन दोन्ही होती, ते तळभर जांभळे.

"जगल्या?" दादाने दारातूनच विचारलं.

"सगळ्या."

त्या रसायनाचं पुढे औषध झालं नाही. पेशींपासून माणसापर्यंतची वाट लांब असते. त्या दुपारी ते कुणाच्या मनातही नव्हतं. कारखान्यात एरवी पुस्तकी मराठी बोलणारा माझा भाऊ प्लेट दोन्ही हातांत धरून व्हरांड्यातून ओरडत निघाला होता, "साहेब, खोली आता नाय मिलायची कोनाला!"