जिल्ह्याचं कारण

नांदेडच्या कॉलेजात मला कॉम्प्युटरला जागा मिळाली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उदगीरच्या अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले. तिथल्या धान्यबाजारात आमची आडतीची पेढी. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी लातूरला आत्याकडे राहून क्लासच्या बाकावर काढली होती, त्याचं चीज झालं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण पहिलं वर्ष संपेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

लॅबमध्ये मला बसवायचंच नाही. प्रोग्रॅम चालायचा, मार्क बरे पडायचे, तक्रार त्याची नव्हती. पण पाय हलायचे. टेबल हलतंय म्हणून शेजारची मैत्रीण माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरायची. पाणी प्यायच्या निमित्ताने उठावं, तर त्या वर्षी दुष्काळाने तेही निमित्त ठेवलं नव्हतं. कॉलेजच्या टाक्या कोरड्या, हॉस्टेलला टँकर, एकीला एक बादली. मग मी नुसतीच व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. खाली सिव्हिलची पोरं भर उन्हात तिपाईवर दुर्बीण लावून मैदानाची मापं घ्यायची, एकमेकांवर ओरडायची. मला त्यांचा इतका हेवा वाटायचा की चिडच यायची. दुसऱ्या वर्षाला शाखा बदलता येते हे कळलं आणि मी सरळ अर्ज केला.

आमच्या विभागप्रमुखांना वाटलं, मी चुकून उलटं लिहिलं. सिव्हिलची पोरं कॉम्प्युटर मिळावं म्हणून हातापाया पडतात, कॉम्प्युटर सोडून तिकडे कोण जातंय?

"वडिलांना घेऊन या," सर म्हणाले. "एकदा सोडलेली जागा परत मिळणार नाही."

मी अप्पांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नुसतं "येतो" म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी आईचा आला. "पोरीच्या जातीनं सावलीत बसून पगार घ्यावा, तर ही निघाली उन्हात मरायला! लोकाला काय सांगू मी?" लातूरच्या आत्याचं वेगळंच. तिकडे पाण्यावाचून बांधकामं ठप्प पडली होती. "हितं घागरभर पाण्यासाठी भांडणं हून राहिलेत, अन् तू घरं बांधाया शिकणार?" मला फक्त एवढंच कळत होतं की अप्पा नाही म्हणाले तर आधी तीन वर्षं आणि मग सगळा जन्म त्या खुर्चीत जाणार. अप्पा येईपर्यंत मी धड जेवले नाही.

अप्पा आले, कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा. थेट सरांच्या समोर जाऊन बसले.

"तुमची याला संमती आहे?" सरांनी विचारलं.

"हाय की," अप्पा म्हणाले. "सर, आमचं उदगीर आता जिल्हा हून राहिलंय. जिल्हा झाला की कलेक्टर हापिस येतंय, कोर्ट येतंय, साहेब लोकायचे बंगले येतेत. बांधणार कोण? मीच म्हणलो पोरीला, सिव्हिल घे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. असं काही ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. सर हसले, जरा जास्तच हसले. उदगीर जिल्हा होणार ही आवई आमच्याकडे नेहमीचीच, हे त्यांनाही ठाऊक असणार. मग ते माझ्याकडे वळले. "जिल्ह्यासाठी कॉम्प्युटर सोडतेस?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण ते हसणं अप्पांना होतं, आणि मला ते सोसेना.

"नाही सर. मला तिथे बसवत नाही. जिल्हा होवो न होवो, मला जायचंय." माझा आवाज चढला होता. अप्पांना मी खोटं पाडलं हे बोलून झाल्यावर ध्यानात आलं आणि कानशिलं तापली. सरांचं हसू गेलं. त्यांनी मान हलवत सही केली.

बाहेर आल्यावर मी भीतभीतच विचारलं, "अप्पा, तुम्हाला खरंच वाटतं जिल्हा होईल?"

"मी पोरगा होतो तवापासून ऐकून राहिलो."

"मग सरांना तसं का सांगितलं?"

"सरला कशाचं? तिथं म्हणून बघितलं, गावात सांगाया नीट जमतंय का. तुझ्या आईला काय सांगू? मोंढ्यात काय सांगू? पोरीला बसवंना झालंय म्हणून? लोकाला पटंल असं काहीतरी लागतंय, बाई. जिल्ह्याला कुणी नगं म्हणत न्हाई."

मला मोठ्याने हसू आलं. किती दिवसांनी हसले. ते मात्र हसले नाहीत. ऑटोला हात करत, ज्वारीचा भाव सांगावा तितक्या सहज म्हणाले, "मलाबी आडतीवर बसवत न्हाई. पहिल्या दिवसापासून. तवा असलं एखादं कारण सुचलं न्हाई."

मीही त्यांच्यासोबत ऑटोत बसले. आजच्या दिवस थांबा, असं म्हणायचं होतं, पण दुपारच्या एसटीने त्यांना आडतीवर परत जायचं होतं.