वेणूबाईला कोणी काही दिलं नव्हतं

वेणूबाई चर्चमध्ये जाते हे कळल्यावर विश्रांतवाडीच्या त्या चाळीत पहिला प्रश्न काय निघाला असेल? "काय दिलं हो तिला त्यांनी?" जीव रमतो का, बरं वाटतं का, हे विचारायला कोणाला फुरसत होती!

दोन हजार एक सालची गोष्ट. वेणूबाई नगर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हाऊसकीपिंगला होती. सकाळी सहाला जायचं, चार मजले पुसायचे, रात्रभर अमेरिकेशी बोलून पेंगणाऱ्या पोरांचे कॉफीचे कप उचलायचे आणि दोनला सुटायचं. माहेर-सासर दोन्ही वाशीमकडचं. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा चार वर्षांच्या नम्रताला कडेवर घेऊन ती पुण्यात आली आणि त्यानंतर तिने कोणापुढे हात पसरला नाही. मोडेल पण वाकणार नाही, अशी बाई.

चर्चमध्ये ती पहिल्यांदा शिरली ती निव्वळ पाय दुखत होते म्हणून. दुपारची वेळ, आत गार, बाक रिकामे. समोर क्रूसावर तो. आजवर देवासमोर ती उभी राहिली होती ती काही ना काही मागायलाच. पोरीचा ताप उतरू दे, नोकरी टिकू दे. ह्याच्याकडे मागणार काय? अंगावर धड वस्त्र नाही, हातापायांत खिळे. उलट ह्यालाच कोणीतरी घोटभर पाणी द्यायला हवं होतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याला एकटं टाकून सरळ घरी जाणं तिला जमेचना. पुढे ती रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, शेवटच्या बाकावर बसू लागली. कम्युनियनसाठी, ख्रिस्ताच्या नावाने मिळणारा भाकरीचा तुकडा घ्यायला, सगळे रांगेत उठून जात आणि ही एकटी मागे उरे. त्या रांगेत जायची तिला विलक्षण ओढ लागली.

वर्षभराने तिने फादर साळव्यांना गाठलं. "मले बाप्तिस्मा पाहिजे."

फादर नगरकडचे, मऊ बोलणारे, पण पोळलेले. मुलांच्या ॲडमिशनपुरते येऊन नंतर तोंड न दाखवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी हळूच विचारलं, "मुलगी कितवीत आहे तुमची?"

"आता पाचवीत जाईल."

"कॉन्व्हेंटचा फॉर्म भरलाय?"

भरला होता. कंपनीतल्या एका मॅडमने भरून दिला होता, नम्रता प्रवेश परीक्षेत पास झाली होती, यादीत नावही लागलं होतं. वेणूबाईने सगळं खरं खरं सांगितलं.

"असं," फादर म्हणाले.

त्या 'असं'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळ बोलते, बोलू दे, चाळीचं तोंड कोण धरणार? पण ह्यांनीही? "मी मागाले येत नाही, फादर. त्याच्यापाशी बसाले येते," एवढं बोलून ती उठली, तडक शाळेच्या ऑफिसात गेली आणि पोरीचं नाव काढून आली. नम्रता दोन दिवस आईशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वेणूबाई पुन्हा फादरांसमोर हजर. "काढलं नाव. आता तरी खरं वाटते का?"

फादरांनी कपाळाला हात लावला. "हे करायला कोणी सांगितलं होतं? पोरीचा काय गुन्हा?"

"लोकाईले समजू द्या ना!"

"वेणूबाई, तो क्रूसावर होता तेव्हा लोक खालून म्हणत होते, उतरून दाखव, मग मानू तुला. उतरला का तो?"

वेणूबाईची नजर भिंतीवरच्या क्रूसाकडे गेली.

"मी शंका घेतली, ती माझी चूक. माफ करा मला. पण लोकांना पटावं म्हणून तुम्ही पोरीला खाली ओढलंत. आधी तिचं नाव परत घाला. त्याशिवाय बाप्तिस्मा नाही."

आता आली का पंचाईत! नाव घातलं की चाळ जन्मभर म्हणणार, शाळेसाठी धर्म बदलला. रस्ताभर ती स्वतःवरच चरफडत होती. वर्षभर त्याच्यापाशी बसली आणि भीती कोणाची, तर शेजारच्या मुक्ताबाईची! शाळेत सिस्टरसमोर ती म्हणाली, "चुकलं माझं. पोरीले घ्या." ते चार शब्द तिला चार मजले पुसण्यापेक्षा जड गेले. जागा अजून भरली नव्हती. सिस्टरने नाव घातलं.

पुढे दोन वर्षं दर शनिवारी धर्मशिक्षण. मुक्ताबाई नळावर मुद्दाम मोठ्याने बोलायची, "बरं जमवलं हो हिने!" वेणूबाई हंडा भरायची आणि निघून यायची. ती भांडत नाही, हेच चाळीला जास्त झोंबलं.

ईस्टरच्या रविवारी वेणूबाईचा बाप्तिस्मा ठरला. त्या सकाळी नम्रताने नवा फ्रॉक काढून ठेवला होता. तिचा बाप्तिस्मा नव्हता. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल, असं आईने केव्हाच सांगितलं होतं.

"फ्रॉक नको," वेणूबाई म्हणाली. "शाळेचा युनिफॉर्म घाल."

"आज? आई, चाळीतले सगळे येणार आहेत बघायला."

"म्हणूनच. शाळेसाठी केलं म्हणतात ना? मग शाळाही दिसू दे त्याईले."

मुक्ताबाई आणखी दोघींना घेऊन खरंच आली होती, मागच्या बाकावर, मजा बघायला. पांढऱ्या साडीतली वेणूबाई मरून युनिफॉर्ममधल्या लेकीचा हात धरून दारापासून वेदीपर्यंत मधल्या वाटेने चालत गेली. अजिबात घाई केली नाही. फादरांनी युनिफॉर्म पाहिला, हसू दाबलं आणि पाण्याचं भांडं उचललं. वेणूबाईने एकदा मागे वळून मुक्ताबाईच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि मग मान वाकवली.