दाराबाहेरचं पहिलं वाक्य

मुलगी मेलबर्नला गेली आणि अल्बनीच्या आमच्या घरातली तिची खोली रिकामी पडली. मी एकटीच, म्हणून ती भाड्याने दिली. आला तो एक चिनी मुलगा. युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंगची पीएचडी करणारा आणि इतका सालस, की सुरुवातीला मला संशयच आला. भांडी घासून ठेवायचा, बूट दाराबाहेर काढायचा, आणि मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "व्हेरी गुड, आंटी."

हिवाळ्यात मी त्याला रोज सकाळी मेथीचा एक लाडू द्यायला लागले. अभ्यास करणाऱ्या पोराच्या पोटात थंडीत काहीतरी पौष्टिक जायला नको? तो दोन्ही हातांनी घ्यायचा, "व्हेरी हेल्दी, आंटी" म्हणायचा आणि कागदात गुंडाळून न्यायचा. एकदा ऑफिसला जाताना गाडीतून पाहिलं, तर बस स्टेशनच्या वाटेवर तळ्याकाठचे पुकेको त्याच्या मागे धावत होते. निळी अंगं, लाल चोची, लांब तंगड्या. मी मनात म्हटलं, बघा, पाखरांनासुद्धा चांगला माणूस कळतो.

मग एका शनिवारी तो स्वयंपाकघरात चेहरा पाडून उभा राहिला. पीएचडीच्या त्याच्या गाईड सरांनी वर्षभराच्या कामाचा रिपोर्ट दुसऱ्यांदा परत पाठवला होता. वर्षअखेरच्या परीक्षेत तीन प्राध्यापक तो वाचणार होते. पास झाला तर पीएचडी पुढे चालू, नाहीतर सामान बांधून घरी. "माझं इंग्लिश वाईट आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते मला अजिबात बघवेना.

मीही सिव्हिलचीच. पुण्यात शिकले आणि इथे इतकी वर्षं भिंती आणि पूल तपासून त्यांचे रिपोर्ट लिहिते. म्हटलं, आण इकडे.

वाचायला बसले. इंग्लिश कसलं वाईट? माझ्यापेक्षा चांगलं! पण नमनाला घडाभर तेल. माणसाने भिंत बांधायला कधी सुरुवात केली इथपासून सुरू. मग मातीचं महत्त्व, मग पावसाचं महत्त्व, मग सरांनी तरुणपणी मांडलेल्या सूत्राची पानंच्या पानं स्तुती. माझा चहा गार झाला. शेवटून दुसऱ्या पानावर, कंसात, एवढंसं वाक्य होतं: ओल्या चिकणमातीत किंचित फरक कदाचित आढळू शकेल.

"हा किंचित फरक म्हणजे किती रे?" मी विचारलं.

त्याने मान खाली घालून सांगितलं. फरक बराच होता. सरांच्या सूत्राने काढलेला मातीचा भिंतीवरचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरत होता. त्यावर विसंबून ओल्या उतारावर भिंत बांधली असती, तर ती चक्क पुढे कलली असती. पोराने वर्षभर मोजमापं घेऊन हे शोधलं होतं आणि कंसात पुरलं होतं!

"अरे, हे पहिल्या ओळीत का नाही?"

"सर हुशार आहेत," तो म्हणाला. "ते वाचतील आणि त्यांचं त्यांनाच सापडेल. मग ते त्यांनीच शोधलं असं होईल. शिक्षकांना तोंडावर चूक म्हणायचं नसतं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, वा रे वा, ताकाला जाऊन भांडं लपवतोस! आणि हे म्हणता म्हणता मला माझी मामी आठवली. यायची, दोनदा चहा घ्यायची, गुडघ्यांपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं बोलायची आणि दारात चपला घालताना म्हणायची, "अगं हो, तेवढं तुझ्या भावासाठी एक स्थळ होतं." आमच्याकडे खरं काम दारातच निघतं. मीही सासूशी आयुष्यभर तसंच बोलले. तेव्हा या पोराला हसायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तरीही मी हसले.

आणि उपाय सुचला. दारातच बोलायचं ना? मग दारापासूनच सुरू करू. सोमवारपासून तो घरी यायच्या वेळेला मी दार आतून लावून घ्यायचं. त्याने बाहेर उभं राहून रिपोर्टचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, मगच आत.

"गेल्या काही दशकांमध्ये..." तो सुरू करायचा.

"नाही!"

"अनेक विद्वानांच्या मते..."

"विद्वानांना घेऊन तळ्यावर जा!"

आत भाजी फोडणीला, बाहेर हा थंडीत कुडकुडतोय. दुष्टपणाच होता, पण खरं सांगते, मला मजा येत होती. चौथ्या की पाचव्या दिवशी आडवा पाऊस आला, तेव्हा तो बाहेरून जीव खाऊन ओरडला, "सरांचं सूत्र ओल्या चिकणमातीत चुकतं!" समोरचा शेजारी कुत्रा फिरवून परतत होता. त्याने हात वर करून "स्वीट ॲज!" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. मी दार उघडलं, टॉवेल दिला आणि म्हटलं, हेच लिही. कंस काढ.

त्याने लिहिलं. अगदी वर, पहिलं वाक्य. त्याखाली मोजमापं. भिंतींचा इतिहास गेला, स्तुतीची एकच ओळ उरली. आणि रिपोर्ट सरांना गेला.

परीक्षेच्या दिवशी ऑफिसातून मी लवकर आले. सर बिथरले तर? माझ्या शहाणपणापायी या पोराला घरी जावं लागलं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? दार मी सताड उघडं ठेवलं होतं. तरीही तो आला आणि सवयीने बाहेरच थांबला, बूट पायात.

"पास," तो म्हणाला.

मला रडूच आलं. "आणि सर? चिडले?"

"हसले. म्हणाले, मला हा संशय कधीचा होता, पण माझे विद्यार्थी फारच सभ्य."

"अरे मग ये ना आत!"

तो हलला नाही. छाती भरून श्वास घेतला. "आंटी, अजून एक वाक्य आहे. मला मेथीचे लाडू आवडत नाहीत. फार कडू आहेत. सगळे पुकेकोंनी खाल्ले."

अख्ख्या हिवाळ्याचे लाडू! साजूक तुपातले! संतापाने बोलायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं.

"मेल्या, मग आधी नाही का सांगायचंस?"

"आधी मला पहिलं वाक्य येत नव्हतं," तो म्हणाला, आणि बूट काढून आत आला.