मेंदी लावलेली कोंबडी

कोंबडी हा गरीब जीव आहे असं म्हणणाऱ्याने कधी दाणे टाकून बाजूला उभं राहून पाहिलेलं नसतं. वरवट बकाल या आमच्या गावी अंगणात सकाळी ज्वारी पडली की आधी थोरली काळी पुढे व्हायची, मग तांबडी, मग तिच्यामागच्या. कोणी आपली पायरी सोडून चोच घातली की टाळक्यात टोच बसलीच. सगळ्यांत शेवटी एक ठिपक्यांची होती. तिला सगळ्या टोचायच्या, आणि तिने टोचावं असं खाली कोणीच नव्हतं. मला तिची फार दया यायची.

माणसांत तरी काय वेगळं होतं? आम्ही पिंजारी. अब्बा आणि चाचा ओसरीवर कापूस पिंजायचे, भाकरीतसुद्धा तंतू सापडायचे. घरात हुकूम दादीचा आणि तो झेलायला एकटी माझी अम्मी. मध्यप्रांताचा कोणी साहेब दौऱ्यावर आला की शिपाई अंडी उचलून न्यायचा, आणि त्याचाही राग दादी अम्मीवरच काढायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दादी तिला ‘दुल्हन’ म्हणायची. ‘दुल्हन, पाणी. दुल्हन, चूल.’ त्या शब्दात लाड असा काही नव्हताच.

मग चाचाचा निकाह झाला. जळगाव जामोदहून बैलगाडीतून चाची उतरली ती मांडीवर पांढरी कोंबडी घेऊन. पिल्लू होती तेव्हापासून तिनेच वाढवलेली. चाचीच्या हातांवर लावून उरलेली मेंदी तिच्या धाकट्या बहिणींनी कोंबडीच्या मानेला आणि शेपटीला फासली होती, ताईची पाठराखीण म्हणून. लालभडक मान उंच करून ती आमच्याकडे पाहत होती. दादीदेखील हसली. म्हणाली, “दोन दुल्हनी आल्या बापा!”

त्या दिवसापासून ‘दुल्हन’ म्हणजे चाची, आणि अम्मी झाली ‘मोठी’. एवढ्या एका शब्दाने अम्मीची मान ताठ झाली. जी कामं तिने मुकाट उपसली होती ती आता तिच्याच तोंडून हुकूम होऊन सुटू लागली. “दुल्हन, भांडे राह्यले. दुल्हन, अजून झोपूनच राह्यली का?” मला ते आवडत नव्हतं, पण अम्मीच्या पुढे बोलायची माझी काय टाप!

नव्या कोंबडीला आमच्या रीतीप्रमाणे आधी पायाला दोरी लावून खांबाशी बांधली, बाकीच्यांना सवय व्हावी म्हणून. सोडली आणि सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. नेमक्या त्या लाल मानेवरच. पहिली टोच मारली ती ठिपक्यांच्या कोंबडीने, आणि मागे हटायची तयारी नाही ती तिचीच. पिसं गेली, रक्त आलं, आणि रक्त दिसताच त्या आणखी चेकाळल्या. चाची हळद लावायची, त्या हळदीसकट टोचायच्या. डालग्याखाली झाकली तर कामट्यांच्या फटींतून चोची आत. पांढरी कोंबडी मान खाली घालून नुसती उभी राहायची, दाणा खाईना.

शेवटी दादी म्हणाली, “सांजच्याले सुरी फिरवा तिच्यावर. आपोआप मेली तं मुरदार होईन, खाताबी येनार नाही.” त्यात दादीचा काही दुष्टपणा नव्हता. घरोघर असंच करत.

नव्या सुनेने बोलायचं नसतंच. चाची कापसाच्या बोचक्यांआड जाऊन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी जवळ गेले तर म्हणाली, “इथं मले ओळखनारी तेवढी एकच हाये वं.”

तिला भाकरी थापायला बोलवायला आलेली अम्मी माझ्या मागे उभी होती. तिने ते ऐकलं. हाक न मारताच ती अंगणात गेली. ठिपक्यांची कोंबडी डालग्यात चोच घालून टोचत होती. अम्मीने तिला पायाने बाजूला सारलं आणि मोठ्याने म्हणाली, “तूच काऊन वं? तुले तं सारं माहीत हाये ना!”

एवढं बोलून ती तशीच उभी राहिली. कोंबडीला काय कळणार! पण अम्मीचा चेहरा पडला, तो मी पाहिला.

मग तिने डालगं उचललं, कोंबडीची मान निरखली आणि चाचीला हाक मारली. “अवं, लाल दिसते म्हनून टोचून राह्यल्या त्या! ह्या मेंदीनं घात केला.” तव्याच्या बुडाची काजळी तिने खरवडली आणि जवसाच्या तेलात कालवली. चाचा सुरी पाजळून आला होता. दादी ओसरीवरून ओरडली, “मोठी, हे काय सोंग हाये?”

“जगली तं अंडे देईन,” अम्मी म्हणाली, “नाही तं सुरी हायेच.” दादीला तिने उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. चाचा सुरी घेऊन तसाच उभा राहिला.

चाचीने कोंबडी घट्ट धरली आणि अम्मीने तिची मान आणि शेपटी काळी केली. मग सोडून दिली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. काळी आली, तांबडी आली. ठिपक्यांची जवळ आली, मान वाकडी करून तिने पाहिलं आणि उकिरड्याकडे निघून गेली. पांढरीने जमिनीवरचा एक दाणा उचलला. चाचाने सुरी आत नेऊन ठेवली.

चाची हसत होती आणि रडतही होती. तिने हळूच विचारलं, “भाभी, तुम्ही नव्या आल्या तवा तुमच्यासाठी कोन उभं राह्यलं होतं?”

“कोनी नाही,” अम्मी म्हणाली. मग बोटाला राहिलेली काजळी तिने चाचीच्या कानामागे लावली, नजर लागू नये म्हणून लेकराला लावतात तशी.